मुंगसाला परवानगी आहे, उंटाला नाही

त्या रविवारी सकाळी मी पोहे खात टीव्हीसमोर बसलो होतो आणि माझं कोणाशीही भांडण नव्हतं, हे आधीच स्पष्ट करतो. पुढे जे घडलं त्यात "तुम्हाला भांडायची सवयच आहे" असं आमच्या घरमालकांपासून आमच्या विभागीय कार्यालयापर्यंत सगळ्यांनी म्हणून घेतलं, म्हणून सांगावं लागतंय.

आमची सावनी, वय वर्षं पाच, जमिनीवर पालथी पडून तिचा लाडका कार्यक्रम बघत होती. जयपूरच्याच एका खासगी शैक्षणिक वाहिनीवर तो लागतो. त्यात कापडी बाहुल्या असतात. त्या अंक शिकवतात, रंग शिकवतात, दात कसे घासायचे ते शिकवतात. याला माझी काही हरकत नाही. पण त्या दिवशी त्या बाहुल्या भारताच्या भाषा शिकवत होत्या आणि मराठीची पाळी होती. टेबलामागून एक फेटा वर आला. फेट्याखाली मिशा, मिशांखाली तोंड, आणि ते तोंड म्हणालं, "नमस्कार बच्चों, मी आहे मराठी मामा. मला भूक लागला आहे. मी केला खातो."

मी पोह्यांची ताटली खाली ठेवली.

"लागला नाही, लागली," मी टीव्हीला सांगितलं. "आणि केला काय? केळं. केळं खातो म्हण."

"बाबा, तो केलाच खातोय," सावनी मान न वळवता म्हणाली. "पीला आहे ना."

मराठी मामानं मला जेवढं दुखावलं नाही तेवढं या उत्तरानं दुखावलं. आम्ही सांगलीचे. विमा कंपनीनं माझी बदली जयपूरला केली तेव्हा सावनीला बोलता येत नव्हतं, आणि जेव्हा यायला लागलं तेव्हा ते जवाहर नगरच्या बागेतल्या घसरगुंडीवर आलं. त्यामुळे तिचं मराठी म्हणजे आम्ही दोघं आणि घसरगुंडी यांच्यातली तडजोड आहे. सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल येतो. आई विचारते, "बाळ, बरी आहेस का?" आणि सावनी केसांना हात लावून सांगते, "हो आजी, बाल कापले." आईला ऐकू कमी येतं. ती म्हणते, "काय कापलं?" मग घाबरलेली आई आणि गोंधळलेली सावनी एकमेकींकडे बघत राहतात आणि सावनी पळून जाते. आदल्या आठवड्यात आई मला म्हणाली होती, "राहू दे रे दिनू. तिला कंटाळा येत असेल माझा. सारखं नको बोलावूस तिला फोनवर." हे ती हसत म्हणाली होती. त्यामुळे मला ते फारच लागलं होतं.

तर अशा मनःस्थितीत मी टीव्हीच्या पडद्याखाली सरकणारा नंबर फिरवला. फोन कार्यक्रमाच्या निर्मातीनं उचलला. तिचं नाव सलोनी माथुर. आवाजावरून जेमतेम पंचविशीची वाटली. मी तिला मराठी व्याकरणातलं लिंग, 'ळ' या अक्षराचं महत्त्व आणि फेट्याबद्दलची माझी भूमिका हिंदीतून समजावून सांगितली. तिनं एकदाही मधे तोंड घातलं नाही, हीच खरं तर धोक्याची सूचना होती.

"सर, आप कितना अच्छा समझाते हैं," शेवटी ती म्हणाली. "अगला मराठी एपिसोड आप ही कर दीजिए ना."

मी इतक्या जोरात भांडत होतो की त्याच जोरात "करता हूँ" म्हणून बसलो.

"काय करतोस?" फोन ठेवल्यावर नीलिमानं विचारलं.

"बाहुली," मी म्हणालो.

तिनं माझी उरलेली पोह्यांची ताटली उचलली आणि आत गेली. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत.

मराठी मामाला मी हात घालणार नाही, हे मी सलोनीला कळवून टाकलं होतं. तत्त्वाचा प्रश्न होता. त्यामुळे बाहुली मलाच न्यायची होती. खूप विचार करून मी मुंगूस निवडलं. मुंगूस चपळ असतं, शूर असतं, सांगलीला आमच्या परसात यायचं, आणि मुख्य म्हणजे त्याच्या डोक्यावर फेटा नसतो. नीलिमाला शिवणकाम येतं. तिनं माझा तपकिरी स्वेटर घेतला. मी तो स्वेटर अजून घालतो, हे मी बोलेपर्यंत त्याची एक बाही कापून झाली होती. बाहीचं तोंड झालं, त्यात पुठ्ठा बसवला, कोटाच्या बटणांचे डोळे लागले. हात घालून बोटं आणि अंगठा हलवला की तोंड उघडायचं. फक्त बाही लांब असल्यामुळे मान जरा लांब झाली.

पहिलं मत आलं ते आमच्या घरमालकांचं. रणजीतसिंहजी खालच्या मजल्यावर राहतात आणि पाण्याच्या टाकीचं निमित्त काढून वर येतात. त्यांनी माझा हात निरखून पाहिला.

"वाह भाईसाहब. ऊँट बहुत बढ़िया बनाया है."

"नेवला है," मी म्हणालो.

"नेवले की गर्दन ऐसी होती है?" ते हसले. "बस कूबड़ रह गई है. वो भी लगवा लीजिए."

मी समजावून पाहिलं. पण पुढच्या दोन-चार दिवसांत दूधवाल्यानं उंट म्हटलं, कुरियरवाल्यानं उंट म्हटलं, समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी "कितना प्यारा ऊँट" म्हणून त्याच्या नाकाला हात लावला. जयपुरात तपकिरी रंगाची, लांब मानेची कुठलीही वस्तू दाखवली की लोकांची अक्कल एकाच दिशेनं चालते. एका सावनीनंच "हे काय आहे?" असं विचारलं होतं. मी "मुंगूस" म्हटल्यावर तिनं मान डोलावली. तेव्हा ते मी लक्षात घेतलं नाही, कारण रणजीतसिंहजी पुन्हा वर आले होते. या खेपेला त्यांच्या हातात लाकडी कठपुतळी होती.

"ये देखिए असली चीज," दोऱ्या ओढून तिला नाचवत ते म्हणाले. "कठपुतली हमारी है. राजस्थान की. और आप हैं कि स्वेटर में हाथ डालकर बैठे हैं. धागे से कीजिए."

मी नम्रपणे सांगितलं की व्याकरण दोऱ्यांनी शिकवता येत नाही. त्यांना ते पटलं नाही. मी भांडखोर असल्याचं मत त्यांनी तेव्हा पहिल्यांदा नीलिमाजवळ व्यक्त केलं.

मग संहिता. ती मी रजा घेऊन लिहिली. विषय एकच, 'ळ'. बाळ, केळं, फळा, जांभळं, सगळं गुंफलं होतं. ती ऐकवायला मी राजनला बोलावलं. राजन आमच्याच ऑफिसात आहे, नागपूरचा, बनी पार्कात राहतो. त्यानं डोळे मिटून सगळं ऐकलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "पण मुंगूस असं बोलत नाही न."

"मग कसं बोलतं?"

"तू लिहिलं, 'मी येतोय'. मुंगूस म्हणेल, 'मी येऊन राहिलो'."

"नागपूरचं म्हणत असेल. माझं सांगलीचं आहे."

"सांगलीचं बोलालंय म्हणा मग," राजन म्हणाला आणि स्वतःच हसला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. माझं मराठी अत्यंत प्रमाण आहे. यावरून आमचा जो वाद झाला त्यात दोनदा चहा झाला. शेवटी नीलिमा म्हणाली, "ती मुलं पाच वर्षांची आहेत. आणि त्यांच्यात एकालाही मराठी येत नाही." यावर राजन म्हणाला, "मग तर नागपुरीच शिकवून टाका, सोपी जाते."

जाता जाता त्यानं दरवाजात चपला घालताना विचारलं, "ऑफिसची परवानगी काढली ना?"

काढली नव्हती. केंद्र सरकारच्या कंपनीतला अधिकारी टीव्हीवर दिसायचा असेल तर परवानगी लागते. मी अर्ज दिला की मी दिसणार नाही, मी टेबलाखाली असेन. विभागीय कार्यालयातल्या पंडित साहेबांचा फोन आला. ते मूळचे अजमेरचे, अतिशय सभ्य माणूस.

"दिनकरजी, आप नहीं दिखेंगे तो दिखेगा कौन?"

"नेवला."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं की नेवला कंपनीच्या धोरणांवर काही बोलणार आहे का. मी म्हटलं, तो केळ्यांवर बोलणार आहे. तरी त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं की नेवल्याची मतं ही नेवल्याची वैयक्तिक मतं असतील. तेही हिंदीत, कारण आमच्याकडे हिंदी पंधरवडा चालू होता. माझं शिक्षण, माझी नोकरीतली ज्येष्ठता, माझं वय हे सगळं बाजूला राहिलं आणि एके दुपारी माझ्या टेबलावर पत्र आलं की, "आपको नेवले के रूप में कार्यक्रम में भाग लेने की अनुमति प्रदान की जाती है." ते सबंध शाखेनं माझ्या आधी वाचलं होतं.

चित्रीकरण सीतापुऱ्यात, एका कॉलेजच्या स्टुडिओत होतं. रणजीतसिंहजींनी आपली गाडी काढली. मी नको म्हटलं होतं. पण सावनी आणि नीलिमा आधीच जाऊन बसल्या होत्या.

टीव्हीवर बाहुली बघणाऱ्यांना कल्पना नसते की खाली काय चाललेलं असतं. मी एका बुटक्या टेबलामागे गुडघ्यांवर बसलो होतो. उजवा हात वर, मान वाकडी, संहिता टेबलाच्या पायाला चिकटवलेली, आणि आपलं मुंगूस कुठे बघतंय ते कळावं म्हणून समोर जमिनीवर एक छोटा टीव्ही ठेवलेला. त्या टीव्हीत मी हात उजवीकडे नेला की मुंगूस डावीकडे जायचं. आरशात दाढी करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे जमणं अशक्य आहे. माझं मुंगूस बराच वेळ मुलांकडे पाठ करून भिंतीशी बोलत होतं.

समोर सतरंजीवर आसपासच्या कारखान्यांत काम करणाऱ्या लोकांची मुलं बसली होती, शेवटी सावनी. मी हिंदीतून प्रस्तावना केली की आज आपण एक फार अवघड अक्षर शिकणार आहोत, ते हिंदीत नाही, भल्याभल्यांना ते जमत नाही, तेव्हा नाही जमलं तर कोणी रडायचं नाही.

"बोलो, बाळ," मुंगूस म्हणालं.

"बाळ," सगळी मुलं म्हणाली. स्वच्छ. सांगलीच्या शाळेत म्हणतात तसं.

"केळं."

"केळं."

मी जीभ कशी मागे वळवायची ते शिकवायला तीन पानं लिहिली होती. "जांभळं," मी जरा रागानंच म्हणालो. तेही आलं. मागून रणजीतसिंहजींचा आवाज आला, "ये तो हमारे घर में भी बोलते हैं, भाईसाहब. काळो, पीळो, थाळी. ळ तो हमारा है."

आधी कठपुतळी, आता ळ. एका माणसानं किती गोष्टींवर मालकी सांगावी.

"सर, बच्चे तो कर ले रहे हैं," हेडफोन लावलेली सलोनी खुशीत म्हणाली. "आगे चलिए."

पुढे काहीच नव्हतं. संपूर्ण भाग मुलांना 'ळ' येत नाही या गृहीतावर उभा होता. मी वेळ काढायला एकेका मुलाला म्हणायला लावलं. शेवटी सावनीपर्यंत आलो.

"बाल," सावनी म्हणाली.

सगळी मुलं हसली. सावनीनं फ्रॉक ओढून तोंडावर घेतला. मला ते त्या जमिनीवरच्या टीव्हीत, चार बोटांएवढं दिसलं. मी उठायला गेलो, पण माइकची वायर टेबलात अडकली होती आणि माझ्या गुडघ्यांतली जाण गेली होती. बाहेर फक्त माझा हात होता.

"अगं, मलापण येत नाही," मुंगूस म्हणालं. हे संहितेत नव्हतं. "माझं तोंड बघ ना. नुसती लोकर आहे. जीभच नाही मला."

फ्रॉक थोडा खाली आला. "सच्ची? जीभच नाही?"

"शोध आणि बघ."

ती उठून पुढे आली आणि तिनं मुंगसाच्या तोंडात, म्हणजे माझ्या मुठीत, बोट घातलं. "नाहीये," ती म्हणाली. मग कानाशी लागून तिनं हळूच विचारलं, "तुला पण ओरडतात का? बाबा?"

"कट," सलोनी म्हणाली. "सर, ये स्क्रिप्ट में नहीं था. ये निकाल देंगे."

आठवडाभरानं सलोनीचा फोन आला. तिनं मुलांना विचारलं होतं की तुम्हाला मराठी कोणी शिकवलं, आणि सगळ्यांनी सांगितलं, ऊँटनं. तेव्हा कार्यक्रमाचं नाव 'ऊँट भैया की मराठी' ठेवलंय, नावाच्या पट्टीवर वाळू आणि दोन उंट काढलेत, फार गोड दिसतंय. मी तिला सांगितलं की हा माझ्या मुंगसाचा अपमान आहे. ती म्हणाली, "सर, आप गुस्सा मत होइए, ऊँट की रीच ज़्यादा है."

मी पंडित साहेबांना सांगितलं. माझी अपेक्षा होती की ते माझी बाजू घेतील. त्यांनी फाइल मागवली.

"दिनकरजी, इसमें तो नेवला लिखा है."

"नेवलाच आहे."

"लेकिन पर्दे पर ऊँट लिखा आएगा. अनुमति नेवले की है, ऊँट की नहीं. ऊँट के लिए नया आवेदन दीजिए." आणि मग सभ्यपणे म्हणाले, "वैसे सब कहते हैं, लगता भी ऊँट ही है."

नवा अर्ज मंजूर होईपर्यंत प्रक्षेपणाची तारीख निघून जाणार होती. सलोनीनं ते फारच समजूतदारपणे घेतलं. म्हणाली, काळजी करू नका, परवानगी तुमच्या आवाजाला लागते ना, मग आम्ही आवाजाचं बघतो.

त्या रविवारी आमच्या घरी बसायला जागा नव्हती. रणजीतसिंहजी सहकुटुंब आले होते, राजन मिठाई घेऊन आला होता. सांगलीहून आईचा कॉल चालू होता आणि नीलिमानं फोन टीव्हीसमोर धरला होता. वाळू आली, दोन उंट आले, मग माझ्या स्वेटरची बाही वर आली, तिनं तोंड उघडलं आणि म्हटलं, "नमस्कार बच्चों, मी आहे उंट भैया. मला भूक लागला आहे."

मराठी मामाचा आवाज. हात माझा, स्वेटर माझा, 'ळ' माझा, निदान रणजीतसिंहजींचा. आणि वर आवाज त्या मामाचा.

"दिनू," फोनमधून आई म्हणाली, "घसा बसलाय का रे तुझा?"

राजन हसून हसून जमिनीवर बसला. रणजीतसिंहजींनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले की कुबड लावलं असतं तर अजून शोभलं असतं. मी मुंगूस कपाटावर भिरकावलं, आतल्या खोलीत गेलो, दार लावलं आणि वाहिनीला, विभागीय कार्यालयाला आणि शक्य झाल्यास मंत्रालयाला काय काय लिहायचं ते ठरवत बसलो. बाहेर मिठाई वाटल्याचा आवाज येत होता.

सगळे गेल्यावर दार थोडं उघडलं. सावनी होती. तिच्या हातात मुंगूस होतं, ते तिला नीलिमानंच काढून दिलं असणार.

"बाबा, याला बोलायला लाव ना."

"मी नाही लावणार. तो आता त्यांचा उंट आहे."

"उंट नाहीये," सावनी म्हणाली. "मुंगूस आहे."

ज्या शहरात एकाही सज्ञान माणसाला ते दिसलं नव्हतं, तिथे हे ऐकल्यावर मला उठावंच लागलं. तिनं मला जेवणाच्या टेबलाखाली बसवलं. मी खुर्चीवर बसून करतो म्हटलं, तर म्हणाली, "नाही, तू दिसतोस मग." टेबलावर फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला होता आणि त्यात आई अजून होती. मी हात वर केला.

"आजी, हे मुंगूस आहे," सावनी मोठ्यानं म्हणाली. "त्याला जीभ नाही. त्याला ळ येत नाही, तर तू हसू नको."

"नाही हसत," आई म्हणाली. "मला तरी कुठे नीट ऐकू येतंय. जवळ ये आणि सांग."

सावनी खुर्चीवर चढली. टेबलाखालून मला फक्त तिचे पाय दिसत होते, लोंबकळत हलणारे. ती सांगत होती, पळून जात नव्हती. शाळा, घसरगुंडी, समोरच्या काकूंचं मांजर. अर्धं हिंदी, अर्धं मराठी. आई अडेल तिथे "म्हणजे?" विचारत होती आणि सावनी दुसरा शब्द शोधून आणत होती.

"आणि बाबा पता आहे काय करतात," ती म्हणाली. "मी काही पण बोलली, की म्हणतात, असं नाही, तसं म्हण. मग मी बोलतच नाही. मुंगूस, तुला पण असं करतात ना?"

"लहानपणापासून तसाच आहे तो," आई म्हणाली. "मला भाजीवाल्यासमोर सुधारायचा. तू सांग रे मुंगसा, खरं ना?"

'बोलली' नव्हे, 'बोलले'. हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. शिवाय भाजीवाल्याच्या बाबतीत माझी बाजू वेगळी आहे आणि ती मी सविस्तर मांडू शकलो असतो. पण दोघीही वर थांबल्या होत्या आणि प्रश्न मला नव्हता, मुंगसाला होता. मी मनगट वाकवलं. वर मुंगसानं दोनदा मान डोलावली असावी, कारण दोघी एकदमच हसल्या.

नीलिमा वाकून टेबलाखाली डोकावली. "चहा खालीच देऊ?" तिनं विचारलं.

मी डाव्या हातानं दे म्हटलं. उजवा रिकामा नव्हता.